बोटापासून खेळापर्यंत : आर्केड कंट्रोलरचे ओपन सोर्स बोर्ड आणि फर्मवेअर

आर्केड पद्धतीच्या, म्हणजे गेम पार्लरमधल्या यंत्रांसारखी जॉयस्टिक आणि मोठी बटणे असलेल्या, कंट्रोलरचे खालचे झाकण काढून आत डोकावले, तर बघण्यासारखे फार काही सापडत नाही. जॉयस्टिकच्या बुडाशी चार छोटे स्विच, प्रत्येक बटणाच्या पाठीवर पत्र्याच्या दोन पात्या, त्यांना अडकवलेल्या तारा आणि त्या सगळ्या तारा जिथे येऊन थांबतात तो बोटभर लांबीचा बोर्ड, एवढाच सगळा संसार असतो. उरलेली पेटी रिकामी. तरीही दोन पेट्या शेजारी ठेवून खेळले, की एक हाताला चपळ वाटते आणि दुसरी जड. एक या यंत्राला चालते आणि त्या यंत्राला चालत नाही. एकीवर डावी आणि उजवी दिशा एकदम दाबली तर पडद्यावरचे पात्र जागीच उभे राहते आणि दुसरीवर ते पुढे सरकते. बटणे तीच, तारा त्याच. फरक पडतो तो बोर्डावरच्या चिपमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅममुळे, म्हणजेच फर्मवेअरमुळे. बटणाला फक्त दाबले जाणे माहीत असते. त्या दाबण्याचा अर्थ काय लावायचा आणि तो समोरच्या यंत्राला कोणत्या भाषेत सांगायचा, हे फर्मवेअर ठरवते. ते ओपन सोर्स असले, म्हणजे त्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता आणि बदलता येत असला, तर हे ठरवण्याचा अधिकार पेटी बांधणाऱ्याकडे येतो.

स्वतःचा कंट्रोलर बांधण्याची हौस जुनी आहे, सोय मात्र अलीकडची. पूर्वी त्यासाठी एखादा साधा गेमपॅड विकत घेऊन फोडावा लागे आणि त्याच्या सर्किटवरच्या तांब्याच्या बारीक ठिपक्यांना एकेक तार डाग देऊन जोडावी लागे. याला पॅड हॅकिंग म्हणत. त्या गेमपॅडमध्ये सर्व बटणांची एक बाजू एकाच ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूला, जोडलेली असली, तर काम सुसह्य होई. नसली, तर प्रत्येक बटणाला दोन स्वतंत्र तारा आणि दुप्पट डाग. दुसरा मार्ग खास आर्केड पेट्यांसाठी बनवलेला व्यावसायिक बोर्ड घेण्याचा होता. तो चांगला चाले, पण त्यातले फर्मवेअर बंद असे आणि काही बिनसले तर उत्पादकाने नवी आवृत्ती काढेपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. पुढे थेट यूएसबीवर बोलू शकणारी एटीमेगा३२यू४ ही आठ बिटांची चिप बसवलेले अर्डुइनो लिओनार्डो आणि प्रो मायक्रो यांसारखे छोटे बोर्ड हौशी मंडळींच्या हाती आले आणि कंट्रोलरची बरीच खुली फर्मवेअर त्यांच्यावर रुजली. १६ मेगाहर्ट्झचा वेग आणि प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट जागा, एवढ्या भांडवलावर ती चिप एका कंट्रोलरचा प्रपंच नीट चालवते. मात्र वर छोटा पडदा, रंगीत दिवे आणि सेटिंगची सोय हवी म्हटले, की तिची ओढाताण सुरू होते.

जानेवारी २०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड चार डॉलर किमतीला आला आणि हे गणितच बदलले. त्यावरच्या आरपी२०४० या चिपमध्ये १३३ मेगाहर्ट्झने चालणारे दोन कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे प्रोग्रॅम चालवणारे दोन भाग, आणि २६४ किलोबाइट रॅम आहे, प्रोग्रॅम साठवायला बोर्डावर २ मेगाबाइट फ्लॅश आहे आणि बाहेरच्या जोडणीसाठी २६ पिना मोकळ्या आहेत. या पिनांची संख्या कंट्रोलरच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. चार दिशा, आठ मुख्य बटणे आणि स्टार्ट, सिलेक्ट, होम यांसारखी वरची काही, असे सगळे धरून अठराच्या आसपास स्विच होतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाला स्वतःची पिन देता येते. कीबोर्डमध्ये शंभरेक कळा असल्याने त्यांची आडव्या-उभ्या ओळींची जाळी करून एकेक ओळ तपासावी लागते. इथे ती कसरतच नाही. चिप एका झटक्यात सगळ्या पिना वाचते.

या चिपसाठी लिहिलेले सर्वांत परिचित फर्मवेअर म्हणजे जीपी२०४०-सीई. जीपी२०४० नावाच्या मूळ प्रकल्पातून निघालेली ही शाखा असून, शेवटची दोन अक्षरे 'कम्युनिटी एडिशन' म्हणजे समुदायाने चालवलेली आवृत्ती असे सांगतात. दोन कोअरचा त्यात केलेला उपयोग मला विशेष आवडतो. एक कोअर बटणे वाचणे आणि यूएसबीवर उत्तर देणे एवढेच करतो, तर पडदा रंगवणे, दिवे नाचवणे ही सजावटीची कामे दुसऱ्याकडे असतात. म्हणून वरचे दिवे कितीही झगमगले, तरी बटणांच्या वाचनाला त्याचा धक्का लागत नाही. याच्या शेजारी हेबॉक्ससारखी वेगळ्या गरजेची फर्मवेअरही आहेत. सुपर स्मॅश ब्रदर्स खेळणाऱ्यांना बटणांवरून अॅनालॉग काठीचे नेमके कोन काढायचे असतात, त्यांच्यासाठी ते लिहिलेले आहे.

आता एक बटण दाबून पाहू. चिपची प्रत्येक पिन आतल्या आत एका मोठ्या रोधातून ३.३ व्होल्टला टांगलेली असते. आरपी२०४० मध्ये हा रोध ५० ते ८० किलोओहम असतो आणि त्याला पुल-अप म्हणतात. बटणाची एक पाती पिनला आणि दुसरी ग्राउंडला जोडलेली असते. बटण मोकळे असताना पिनवर ३.३ व्होल्ट दिसतात. दाबले की पिन ग्राउंडला टेकते आणि व्होल्टेज शून्यावर येते. म्हणजे चिपच्या लेखी 'शून्य' म्हणजे दाबलेले आणि 'एक' म्हणजे मोकळे, असा उलटा हिशेब असतो. नवख्या माणसाला हे तिरपागडे वाटते, पण त्याचे फायदे रोकडे आहेत : बाहेरून वेगळा रेझिस्टर लावावा लागत नाही, बटणाची कोणती पाती कुठे जोडावी याचा विचार करावा लागत नाही, आणि सगळ्या बटणांची दुसरी बाजू एकाच तारेने एका ग्राउंडला नेता येते. जॉयस्टिकही याला अपवाद नाही. सान्वाच्या जेएलएफ या प्रसिद्ध जॉयस्टिकमधून पाच तारा निघतात, त्यांतल्या चार दिशांच्या आणि पाचवी ग्राउंडची. तिरपी दिशा नावाची वेगळी वस्तूच नसते. दांडा कोपऱ्यात नेला की शेजारचे दोन स्विच एकदम दबतात, इतकेच.

कागदावर हे स्वच्छ दिसत असले, तरी धातू इतका शिस्तीचा नसतो. स्विचमधली पट्टी दुसऱ्या पट्टीवर आदळते, तेव्हा ती एकदम बसत नाही; टाकलेला चेंडू जसा लहान लहान उड्या घेत स्थिरावतो, तशी ती काही मिलिसेकंद थरथरते. बोटाला हे जाणवत नाही, पण चिप सेकंदाला हजारो वेळा पिन पाहत असल्याने तिला एका दाबण्याऐवजी पाच-सहा दाबणी आणि सोडणी दिसतात. यावर तोड काढण्याला डिबाउन्स म्हणतात आणि ती दोन प्रकारे काढता येते. पहिल्या प्रकारात चिप वाट पाहते : पिन सलग काही मिलिसेकंद स्थिर राहिली, तरच दाबले असे मानायचे. हा मार्ग सावध आहे, पण जेवढी वाट पाहिली तेवढा उशीर प्रत्येक दाबण्यात मिसळतो. दुसऱ्या प्रकारात पहिला बदल दिसताच तो खरा मानून पुढे पाठवायचा आणि नंतरची काही मिलिसेकंदे त्या पिनकडे दुर्लक्ष करायचे. यात उशीर होत नाही. मात्र तारेत चुकून आलेली एखादी विजेची लहरही बटण म्हणून पुढे जाऊ शकते. पेटीतल्या तारा आखूड असतात आणि लढतीच्या खेळात क्षणाचे मोल असते, त्यामुळे अशा कंट्रोलरला दुसरा प्रकारच योग्य, असे माझे मत आहे. बंद फर्मवेअरच्या कंट्रोलरमध्ये यांतला कोणता प्रकार वापरला आहे, हे सहसा कळतही नाही.

दाबणे पक्के झाले तरी चिपला ते आपण होऊन कळवता येत नाही. यूएसबीमध्ये बोलण्याची सुरुवात नेहमी संगणक किंवा कन्सोल, म्हणजे खास खेळांसाठीचा संगणक, करतो. जोडलेले उपकरण विचारल्यावरच उत्तर देते. किती वेळाने विचारायचे, हे उपकरण जोडणीच्या वेळी सुचवते. फुल स्पीड या यूएसबीच्या वेगाच्या प्रकारात, जो ही चिप वापरते, हा अवधी कमीत कमी एक मिलिसेकंद असू शकतो. आठ मिलिसेकंदांचा अवधी ठेवला, तर विचारणा सेकंदाला १२५ वेळा होते आणि दाबलेले बटण सरासरी चार मिलिसेकंद नुसते ताटकळते. एक मिलिसेकंद ठेवला, तर विचारणा १,००० वेळा होते आणि ताटकळणे सरासरी अर्ध्या मिलिसेकंदावर येते. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एक चित्र सुमारे १६.६७ मिलिसेकंद टिकते, त्यामुळे हा फरक चित्राच्या पाव भागाहूनही कमी आहे. त्यावर हिरिरीने वाद घालणाऱ्यांनी आपल्या टीव्हीचा उशीर आधी मोजावा, असे मला अनेकदा वाटते. तरीही जो उशीर एका आकड्याच्या बदलाने टळतो, तो टाळू नये असे थोडेच आहे! जीपी२०४०-सीई मध्ये अवधी एक मिलिसेकंदच ठेवलेला आहे.

यानंतर प्रश्न येतो ओळखीचा. कंट्रोलर जोडताच यंत्र त्याला विचारते, 'तू कोण?' आणि फर्मवेअर त्याला डिस्क्रिप्टर नावाची माहिती देते : उत्पादकाचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक, बटणे किती, माहिती कोणत्या क्रमाने येणार, वगैरे. ही ओळख म्हणजे केवळ काही बाइट असतात, त्यामुळे एकच पेटी वेगवेगळ्या नावांनी हजर होऊ शकते. विंडोजवर बहुतेक खेळांना एक्सइनपुट ही पद्धत समजते, जी २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० च्या सोबत आली. म्हणून फर्मवेअर तिथे स्वतःला त्या कन्सोलचा वायरचा कंट्रोलर म्हणवते आणि वेगळा ड्रायव्हर न टाकता काम सुरू होते. निन्टेंडो स्विच या कन्सोलची कथा अधिक गमतीची आहे. जून २०१७ मध्ये आलेल्या ३.०.० या सिस्टिम अपडेटने स्विचला एक जुना कंट्रोलर ओळखायला शिकवले. होरी कंपनीने तो मुळात वी यू या आधीच्या कन्सोलवरील पोक्केन टूर्नामेंट या खेळासाठी काढला होता. हा कंट्रोलर ओळख पटवण्यासाठी कोणताही गुप्त पुरावा देत नसे. हौशी मंडळींनी त्याची ओळख उतरवून घेतली आणि आज खुल्या फर्मवेअरमधला स्विचचा मोड बहुतांशी त्याच जुन्या पॅडचा मुखवटा घालून चालतो. पेटी जोडताना ठराविक बटण दाबून धरले, की या मोडांतला हवा तो निवडला जातो.

सगळीच दारे मात्र अशी उघडत नाहीत. प्लेस्टेशन ४ जोडलेल्या कंट्रोलरला अधूनमधून एक यादृच्छिक संख्या पाठवते आणि त्यावर गुप्त किल्लीने सही करून मागते. ही किल्ली अधिकृत परवाना असलेल्या कंट्रोलरमध्येच असते. सही मिळाली नाही, तर सुमारे आठ मिनिटांनी कन्सोल त्या कंट्रोलरकडे पाठ फिरवते; तोवर खेळ व्यवस्थित चालू असल्याने, पेटी उत्तम बांधली म्हणून खूश झालेल्या माणसाची ऐन लढतीत फजिती होते. इथे सोर्स कोड खुला असून उपयोग नाही, कारण अडचण कोडची नसून किल्लीची आहे आणि ती कोणत्याही खुल्या प्रकल्पाला वाटता येत नाही. त्यावर शोधलेली वाट अशी, की बोर्डावर एक जास्तीचे यूएसबी पोर्ट बसवायचे, त्यात परवानाधारक कंट्रोलर किंवा डोंगल (तीच किल्ली असलेले छोटे यूएसबी उपकरण) खोचायचे, कन्सोलने पाठवलेली संख्या त्याच्याकडे वळवायची आणि त्याने केलेली सही परत कन्सोलला द्यायची. बटणे आपली, सही त्याची. आरपी२०४० मध्ये यूएसबीचे नियमित सर्किट एकच आहे आणि ते कन्सोलशी बोलण्यात गुंतलेले असते. दुसरे पोर्ट मग त्या चिपमधल्या पीआयओ या भागाकडून चालवले जाते. पिनांवरचे संकेत अगदी वेळेवर हलवणारी आठ छोटी यंत्रे त्यात आहेत, आणि हे काम त्यांना शिकवावे लागते. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या नव्या पिढ्यांसाठीही अशाच मध्यस्थाचा आधार घ्यावा लागतो.

फर्मवेअरच्या हातातला सर्वांत वादग्रस्त निर्णय मात्र यंत्राशी संबंधित नाही; तो खेळाच्या नियमांशी आहे. जॉयस्टिकचा दांडा एका वेळी डावीकडे तरी असतो किंवा उजवीकडे तरी. ज्या पेट्यांमध्ये दांडाच नसतो आणि चारही दिशांना बटणे असतात, त्या लिव्हरलेस पेट्यांमध्ये डावे आणि उजवे एकदम दाबणे सहज शक्य होते. अशा परस्परविरोधी दिशांना इंग्रजी आद्याक्षरांवरून एसओसीडी म्हणतात, आणि त्यांचे काय करायचे हे फर्मवेअरला ठरवावेच लागते. एक उत्तर म्हणजे दोन्ही रद्द, पात्र स्थिर. दुसरे म्हणजे जे नंतर दाबले ते खरे. तिसरे म्हणजे जे आधी दाबले ते खरे. वर आणि खाली या जोडीसाठी 'वर'ला प्राधान्य, असाही एक पर्याय असतो.

हे बारीकसारीक वाटेल, पण एका हालचालीवरून त्याचे वजन कळते. लढतीच्या खेळातली काही पात्रे अशी असतात, की मागची दिशा काही काळ धरून ठेवायची आणि मग पुढची दिशा व ठोसा एकदम दिला, तर त्यांचा खास हल्ला निघतो. मागे धरणे हाच बचावही असतो. 'नंतरचे खरे' असा नियम असेल, तर खेळाडू डाव्या बटणावरचे बोट न उचलता उजवे टिचकीसारखे दाबतो. हल्ला निघतो आणि उजवे सोडताच, डावे दाबलेलेच असल्याने, पात्र क्षणात पुन्हा बचावात जाते. 'दोन्ही रद्द' असा नियम असेल, तर डावे सोडल्याशिवाय पुढची दिशा मिळतच नाही आणि हल्ला केल्यावर बचावात परतायला ते पुन्हा दाबावे लागते. दांडा वापरणाऱ्याला पहिली चलाखी कधीच साधणार नाही. म्हणून स्ट्रीट फायटर ६ हा लढतीचा खेळ आल्यावर त्याच्या कॅपकॉम प्रो टूर या स्पर्धामालिकेच्या २०२३ च्या नियमांत डावे-उजवे आणि वर-खाली या दोन्ही जोड्यांचे फळ शून्यच असले पाहिजे, अशी अट आली. बंद फर्मवेअरच्या पेट्या बाळगणाऱ्यांना त्यासाठी उत्पादकाच्या अपडेटची वाट पाहावी लागते. खुल्या फर्मवेअरमध्ये तो सेटिंगमधला एक पर्याय असतो. अर्थात ज्या सहजतेने नियम पाळता येतो, त्याच सहजतेने मोडताही येतो, आणि स्पर्धेच्या पंचांची डोकेदुखी त्यातूनच सुरू होते.

हे सगळे बोर्डावर चढवण्याची रीत मात्र थक्क करण्याइतकी सोपी आहे. पिकोवरचे बूटसेल नावाचे छोटे बटण दाबून धरून तो संगणकाला जोडला, की तो पेनड्राइव्हसारखा दिसू लागतो. त्यात यूएफटू प्रकारची फर्मवेअर फाइल ओढून टाकली, की बोर्ड आपणहून पुन्हा सुरू होतो आणि कंट्रोलर बनतो. ही सुरुवातीची सोय चिपच्या कायमस्वरूपी रॉममध्ये कोरलेली असल्याने ती पुसता येत नाही, म्हणजे चुकीची फाइल टाकली तरी बोर्ड कायमचा निकामी होत नाही. जोडूनही ड्राइव्ह दिसला नाही, तर आधी केबल बदलून पाहावी. फक्त चार्जिंगसाठीच्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतात, आणि या एका कारणापायी पुष्कळ निरपराध बोर्ड बाद ठरवले गेले असतील. पुढच्या सेटिंगसाठी जीपी२०४०-सीई मध्ये एक सुरेख युक्ती आहे. स्टार्टचे बटण दाबून धरून पेटी जोडली, तर ती संगणकाला नेटवर्क कार्ड म्हणून भासते आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ हा पत्ता उघडला, की चिपच्या आतच साठवलेले सेटिंगचे पान समोर येते. कोणती पिन कोणते बटण, विरोधी दिशांचा नियम कोणता, पडद्यावर काय दिसावे, हे सगळे तिथेच ठरते. इंटरनेट लागत नाही, वेगळे सॉफ्टवेअर टाकावे लागत नाही.

फर्मवेअर जसे खुले, तसे बोर्डही खुले असू शकतात, आणि इथे 'खुले' या शब्दाचा अर्थ नीट पाहावा लागतो. खुल्या बोर्डाच्या बाबतीत सर्किटचा आराखडा आणि तांब्याच्या रेषांचा नकाशा, बहुधा कायकॅड या मुक्त सॉफ्टवेअरच्या फाइलींच्या रूपात, प्रसिद्ध केलेला असतो. त्यावरून गर्बर फाइली, म्हणजे बोर्ड छापण्यासाठी कारखान्याला लागणारे नकाशे, काढून सर्किट बोर्ड छापणाऱ्या कोणत्याही कारखान्याकडे पाठवल्या, की हुबेहूब तसाच बोर्ड तयार होऊन येतो. फ्लॅटबॉक्स हा लिव्हरलेस कंट्रोलर याचे चांगले उदाहरण आहे : त्याच्या सर्किटच्या फाइली आणि थ्रीडी प्रिंटरवर छापायच्या कवचाच्या फाइली दोन्ही उपलब्ध आहेत, आणि त्यात मोठ्या आर्केड बटणांऐवजी कीबोर्डचे कमी उंचीचे स्विच वापरल्याने सगळी वस्तू एखाद्या पातळ वहीसारखी होते. याउलट, काही विक्रेते स्वतःचा बंद आराखडा असलेला बोर्ड विकतात आणि त्यात खुले फर्मवेअर भरून देतात. जीपी२०४०-सीई चा एमआयटी परवाना याला पूर्ण मुभा देतो. मूळ लेखकांची नावे आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवला, की विक्री करता येते आणि स्वतः केलेले बदल उघड करण्याचेही बंधन नसते. जीपीएल परवाना असता, तर बदललेला कोडही ग्राहकाला द्यावा लागला असता. त्यामुळे खोक्यावर 'ओपन सोर्स' असे छापलेले दिसले, तर त्यातले नेमके काय खुले आहे, हे विचारून घ्यावे.

पहिलीच पेटी बांधणाऱ्याने साधा पिको, तीस मिलिमीटरची बटणे आणि पात्यांवर नुसत्या खोचता येणाऱ्या तारा घ्याव्यात. नव्या खास बोर्डांची घाई करू नये. माझ्या पहिल्या पेटीत पाचव्या बटणापासून पुढचे एकही बटण चालत नव्हते. मी एक संपूर्ण संध्याकाळ फर्मवेअर पुसण्यात आणि पुन्हा चढवण्यात घालवली. दोष निघाला ग्राउंडच्या तारेत : ती माळेसारखी एका बटणावरून दुसऱ्यावर जात होती आणि चौथ्या बटणाच्या पातीवरून सैल झाल्याने पुढच्या सगळ्यांचे ग्राउंड तुटले होते. तेव्हापासून मी पेटीला हात लावण्याआधी बोर्ड एकटाच संगणकाला जोडतो, वायरचा एक तुकडा घेऊन त्याचे एक टोक ग्राउंडच्या पिनवर धरतो आणि दुसरे टोक एकेका पिनला टेकवत जातो. विंडोजच्या गेम कंट्रोलर चाचणीच्या खिडकीत प्रत्येक स्पर्शाबरोबर एकेक दिवा पेटतो. बोर्डाला अजून एकही बटण लागलेले नसते, पण संगणकाच्या लेखी तोवर कंट्रोलर पूर्ण झालेला असतो.